कारखान्याच्या लिलावातून आलेले जुने वायरलेस संच: उपयोग काय आणि प्रोग्रॅमिंग कसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही फरक असेल तर लगेच दिसेल. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या भंगार लिलावात तुमच्या मामांनी एक लॉट उचलला. त्यात आठ वायरलेस संच निघाले, पाच मोटोरोला जीएम३०० आणि तीन जीएम३३८. काही शेतकी खात्याच्या जीपमधले, काही गट ऑफिसातल्या टेबलावरचे. सगळ्यांचे दिवे लागतात, चॅनेलचा आकडा दिसतो, पण आवाज कशातूनच येत नाही. घर ते मळा, साधारण सात किलोमीटर, बोलायला ते वापरायचेत. तुम्ही यूएसबी केबल मागवली, सॉफ्टवेअर कुठूनतरी उतरवलं आणि संगणकाला रेडिओ सापडत नाही इथे अडलात. शेवटी विचारलंय की यांचं काही होईल का, की किलोवर घालू.

किलोवर घालू नका. पण केबलीचा प्रश्न तुम्ही पहिला धरलाय, तो माझ्या हिशेबाने तिसरा आहे. पहिला प्रश्न, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरा, तुमच्या हातातला नेमका संच त्या फ्रिक्वेन्सीवर चालतो का. ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय प्रोग्रॅमिंगला अर्थ नाही, कारण संचात भरायचं काय हेच ठरलेलं नसतं.

कायद्याचं आधी उरकतो. आपल्याकडे असा संच नुसता जवळ बाळगायलाही परवानगी लागते. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टपासून ही अट आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ती ठेवलीय. कारखान्याला जी फ्रिक्वेन्सी मिळाली होती ती दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विंगने, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेने, त्या कारखान्याला, त्या कामासाठी दिलेली होती. लिलावात पत्र्याचा डबा विकला गेला, फ्रिक्वेन्सी नाही. त्यामुळे संचात आत्ता भरलेले चॅनेल जसेच्या तसे वापरणं बाद. ती फ्रिक्वेन्सी आज दुसऱ्या कोणाला दिलेली असू शकते. एखादी रुग्णवाहिका सेवा असेल, एखादं धरणावरचं पूरनियंत्रण असेल, तुम्हाला कळणारही नाही. मामांना सांगून लिलावाची पावती, कारखान्याच्या जुन्या परवान्याची प्रत आणि आठही संचांचे अनुक्रमांक एका फायलीत लावून ठेवा. पुढे हे संच हॅम परवान्यावर घ्यायचे झाले किंवा परवानाधारक माणसाला द्यायचे झाले, तर ही फाईल लागते. नुसतं बाळगायच्या परवानगीचंही डब्ल्यूपीसीकडे विचारून घ्या, आणि तोवर एरियल लावून पीटीटी, म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण, दाबू नका.

मग वापरायचे कुठे? तुमच्यासारख्या घरगुती माणसाला सरळ रस्ता हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा. परीक्षा आहे, पण रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या, ग्रेडला मोर्स लागत नाही. थोडं विजेचं गणित, थोडे नियम, बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर महिन्याभराचा अभ्यास. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. परवाना मिळाला की भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे तुम्हाला उघडतात आणि असे जुने गाडीवरचे संच तिथेच शोभतात.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. हॅम परवाना असला तरी घर ते मळा हा तुमचा वापर त्यात बसत नाही. एक तर पलीकडचा माणूसही परवानाधारक लागतो. दुसरं, धंद्याचं बोलणं चालत नाही. "टोळी आली का, ट्रॅक्टर पाठवा" हे तुमच्यासाठी घरचं बोलणं असेल, नियमांच्या दृष्टीने तो व्यवसाय आहे. सात किलोमीटरच्या गरजेचं काय करायचं ते पुढे सांगतो, पण ती गरज आणि हे संच या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा.

हे संच कारखान्यांकडे का असायचे, हे तुमच्या वयाच्या मुलांना ठाऊक नसतं. मोबाइल यायच्या आधी गाळप हंगामात गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, रिकामी पडली की शेतकी अधिकारी जीपमधून गट ऑफिसला ओरडायचा, गट ऑफिसवाला चिटबॉयला, म्हणजे गावातल्या उसाच्या नोंदी ठेवणाऱ्याला, शोधायचा, आणि कुठल्या फडातून किती गाड्या निघाल्या हे असं हवेतून जुळवलं जायचं. त्यासाठी दणकट, एका आकड्यावर लावून विसरून जायचा संच लागायचा. या संचांचा स्वभाव तोच आहे. फ्रिक्वेन्सी फिरवायचं बटण नाही, आधी भरून ठेवलेले चॅनेल तेवढेच. हॅम लोक याला उणीव म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. जिथे फ्रिक्वेन्सी ठरलेली असते आणि संच महिनोन्महिने तसाच चालू राहायला हवा असतो, तिथे नव्या चकचकीत संचापेक्षा हा म्हातारा बरा.

आता दुसरा प्रश्न, नेमका संच कुठला. मागच्या बाजूचं लेबल वाचा. जीएम३०० वर मॉडेल क्रमांक एम४३जीएमसी असा काहीतरी सुरू होतो. एम नंतरचा दुसरा अंक ३ असेल तर व्हीएचएफ (१४४ च्या बाजूचा खालचा पट्टा), ४ असेल तर यूएचएफ (४३४ च्या बाजूचा वरचा). जीएम३३८ वर क्रमांकात २५ हा आकडा आहे, त्याच्या लगेच पुढचं अक्षर बघा: के म्हणजे व्हीएचएफ, आर म्हणजे यूएचएफ. जीएम३३८ च्या बाबतीत एवढ्यावर काम संपतं, कारण व्हीएचएफचा संच १३६ ते १७४ आणि यूएचएफचा ४०३ ते ४७० असा अख्खा पट्टा घेतो. हॅमचे दोन्ही पट्टे त्यात आरामात येतात.

जीएम३०० मध्ये मात्र पट्ट्याचे तुकडे आहेत आणि इथेच लोक फसतात. व्हीएचएफमध्ये एक जात १३६ ते १६२ ची, दुसरी १४६ ते १७४ ची. पहिली मिळाली तर नशीब, १४५ मेगाहर्ट्झ अगदी तिच्या पोटात येतं. दुसरी मिळाली तर आपला पट्टा तिच्या खालच्या काठाबाहेर एक-दोन मेगाहर्ट्झ पडतो. बहुतेक वेळा ती तिथेही लॉक होते, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर बसते, पण तपासून घ्यावं लागतं. यूएचएफची गोष्ट आणखी मजेशीर: ४०३ ते ४३३ आणि ४३८ ते ४७० असे तुकडे सर्रास दिसतात, आणि भारताचा हॅम पट्टा ४३४ ते ४३८ नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत. अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेले सल्ले वाचून कोणी यूएचएफ जीएम३०० घेतो आणि मग इथे अडकतो ते यामुळे. त्यांचा पट्टा आपल्यापेक्षा खूप रुंद आहे, त्यांना काठाशी एवढं झगडावं लागत नाही.

अजून एक गोष्ट लेबलावर किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायची, ती म्हणजे चॅनेलचं अंतर. जीएम३३८ मध्ये २५ आणि १२.५ किलोहर्ट्झ हे प्रोग्रॅममधून बदलतं. जीएम३०० मध्ये ते आतल्या फिल्टरवर ठरलेलं असतं. १२.५ चा संच हॅमवर आणला तर तुमचा आवाज समोरच्याला बारीक येतो आणि समोरच्याचा तुम्हाला फाटका. असा संच बोलण्यापेक्षा डेटासाठी ठेवावा, तेही जुळवून.

प्रोग्रॅमिंगआधी टेबलावरचं काम. भंगारातून आलेल्या संचाला मी थेट बॅटरी लावत नाही. आधी झाकण उघडून ब्रशने बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ काढतो. ती ओल धरते आणि मागच्या कनेक्टरवर हिरवट थर येतो. मग करंट मर्यादा लावता येईल असा पॉवर सप्लाय, १३.६ व्होल्ट, सुरुवातीला एक अँपिअरवर अडवलेला. चालू केल्या केल्या सप्लाय दबला तर बहुधा उलट्या तारा लागल्यापासून वाचवणारा डायोड शॉर्ट झालाय. कारखान्याच्या जीपमध्ये बॅटरी बदलताना असं व्हायचंच. तो डायोड स्वस्त असतो, तेवढ्यासाठी संच फेकू नका. ऐकताना असा संच अर्ध्या अँपिअरच्या आत राहायला हवा. बोलताना मॉडेलनुसार सहा-सातपासून बारा अँपिअरपर्यंत जातो, त्यामुळे संगणकाचा जुना सप्लाय लावून त्यातून ४५ वॅट काढायची आशा धरू नका.

तुमच्या संचांतून आवाज येत नाही याची दोन साधी कारणं आधी बघा. जीएम३०० च्या मागे १६ पिनांचा कनेक्टर आहे, त्यात १५ आणि १६ नंबरची पिन जोडलेली असेल तरच आतला स्पीकर वाजतो. जीपमधून संच काढताना बाहेरच्या स्पीकरचा प्लग तिथेच राहतो आणि संच मुका होतो. दुसरं, कारखान्याच्या चॅनेलवर ऐकण्यासाठीही टोन, म्हणजे आवाजाखाली सतत चालणारा ओळखीचा सूर, लावलेला असणार. मोटोरोलावाले त्याला पीएल म्हणतात. तो टोन असलेला सिग्नल आल्याशिवाय संच तोंड उघडणार नाही. म्हणजे तुमचे आठही संच ठणठणीत असण्याची शक्यता बरीच आहे.

आता केबल. तुम्ही मागवलेल्या केबलला दोन जाड पिना असतील, एक मोठी एक छोटी, तर ती चिनी हातातल्या वॉकीटॉकीची आहे. या संचांना तिचा उपयोग नाही. इथे माहिती पुढच्या माइकच्या सॉकेटमधून जाते, एकाच तारेवर दोन्ही दिशांनी. संगणकाच्या सिरियल पोर्टचे व्होल्टेज आणि संचाचे पाच व्होल्ट यांच्यामध्ये जो डबा बसतो त्याला रिब म्हणतात. मूळ रिब मिळाला तर उत्तम, नाहीतर मॅक्स२३२ चिपवर हातानेही बनतो. यूएसबीवाली घ्यायची तर एफटीडीआय चिपची घ्या. स्वस्त केबलींत प्रोलिफिक कंपनीच्या नावाने नकली चिपा असतात; नव्या विंडोजचे ड्रायव्हर त्या ओळखतात आणि चालायला नकार देतात, मग दोष संचाचा वाटत राहतो.

जीएम३३८ सोपा आहे. त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. मी त्यासाठी एक्सपीचा जुना लॅपटॉप वेगळा ठेवलाय, इंटरनेट न जोडलेला. कॉम पोर्टचा क्रमांक चारच्या आत ठेवा. सॉफ्टवेअर संचाच्या फर्मवेअरपेक्षा जुनं असेल तर ते संच वाचणारच नाही; तेव्हा केबल बदलत बसू नका, आवृत्ती बदला. आणि कुठूनतरी उतरवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगतो: ते परवान्याचं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट वाटलेल्या प्रतींत व्हायरस सर्रास असतात. तुमच्या भागात जुना वायरलेस डीलर असेल तर त्याच्याकडे अधिकृत प्रत आणि रिब दोन्ही असतं. तीन-चार चॅनेल भरून द्यायला तो फार घेणार नाही आणि तुमचे चार रविवार वाचतील.

जीएम३०० ची तऱ्हा वेगळी. त्याचं सॉफ्टवेअर डॉसचं आहे, आणि ते लिहिलं गेलं तेव्हाचे संगणक मंद होते. ते संगणकाच्या वेगावरून वेळ मोजतं. वेगवान यंत्रावर ते संचाला प्रश्न विचारतं आणि उत्तर यायच्या आतच गप्प बसतं. शिवाय ते सिरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलतं, मधल्या ड्रायव्हरला विचारत नाही, म्हणून यूएसबी केबल त्याला दिसतच नाही. तुमचं "रेडिओ सापडत नाही" हे जीएम३०० वर असेल तर कारण हेच, शंभरातल्या नव्वद वेळा. विंडोजच्या आतल्या डॉसच्या खिडकीत किंवा डॉसबॉक्समध्ये कधीकधी संच वाचला जातो, त्यामुळे माणूस फुशारतो, आणि लिहिताना मध्येच तुटतं. अर्धवट लिहिलेला संच मग चालूच होत नाही. खरा सिरियल पोर्ट असलेला पेंटियमच्या काळातला किंवा त्याआधीचा लॅपटॉप, त्यावर डॉस किंवा फ्रीडॉस थेट बूट केलेलं, वेग जास्त वाटला तर बायॉसमधून कॅश बंद. ही माझी पद्धत. असा लॅपटॉप भंगारवाल्याकडे संचापेक्षाही स्वस्तात मिळतो. तो मिळत नसेल तर हे काम ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडून करून घ्या.

केबल लागली, संच सापडला, की पहिलं काम वाचणं. लिहिणं नव्हे. संचातला सगळा मजकूर, ज्याला कोडप्लग म्हणतात, तो वाचायचा आणि अनुक्रमांकाच्या नावाने जपून ठेवायचा. आठ संच, आठ फायली, दोन ठिकाणी. यामागचं कारण नीट समजून घ्या. कोडप्लगमध्ये फक्त चॅनेल नसतात. त्या एका संचाची फॅक्टरीतली जुळवणी त्यात असते: पॉवर किती, डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते) किती, मूळ ऑसिलेटर किती सरकवलाय. एका संचाची फाईल दुसऱ्यात भरणं म्हणजे एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर. संच चालेल, पण फ्रिक्वेन्सी किंचित सरकलेली, आवाज फाटका, पॉवर भलतीच. दर आठवड्याला कोणीतरी "सगळ्यांत एकच फाईल टाकली, आता पाच संच बिघडले" म्हणत येतो, आणि मूळ फाईल जपलेली नसेल तर सर्व्हिस मॉनिटरशिवाय ते परत जुळत नाहीत. सर्व्हिस मॉनिटर हे यंत्र घरी कोणाकडे नसतं.

मग कारखान्याचे चॅनेल पुसा आणि आपले भरा. १४६ ते १७४ च्या जीएम३०० मध्ये १४५ चा आकडा सॉफ्टवेअर घेत नाही, चूक दाखवतं. डॉसच्या त्या सॉफ्टवेअरच्या बहुतेक आवृत्त्यांत शिफ्ट दाबून धरून आकडे टाइप केले की घेतं. घेतलं म्हणजे संच तिथे चालेलच असं नाही. एरियलच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावून, कमी पॉवरवर, पाठवणं आणि ऐकणं दोन्ही तपासा. आणि एकदा भल्या पहाटे, एकदा मेच्या दुपारी तपासा. काठावरचा संच टेबलावर पंख्याखाली लॉक होतो आणि गच्चीवरच्या पेटीत सुटतो. सुटला की पाठवणं बंद होतं, निदान गप्प बसतो, वाटेल तिथे ओरडत सुटत नाही, एवढा शहाणपणा त्याच्यात आहे.

ऐकायचा टोन काढून टाका, पाठवायचा टोन रिपीटर (ऐकलेलं उंचावरून पुन्हा पाठवणारं केंद्र) मागत असेल तेवढ्याच चॅनेलवर ठेवा. पाठवण्याची वेळमर्यादा एक मिनिटाच्या आसपास लावा. पीटीटी अडकलेला जुना माइक अख्खा रिपीटर बंद पाडतो, आणि या वयाच्या माइकांची पीटीटी अडकतेच. व्हीएचएफ रिपीटरला पाठवण्याची फ्रिक्वेन्सी ऐकण्याच्या ६०० किलोहर्ट्झ खाली, हे बहुतेक ठिकाणी लागू. तुमच्या जवळचा रिपीटर कुठला आणि त्याला टोन आहे का हे तिथल्या हॅम मंडळींना विचारून मगच भरा.

आता उपयोगांकडे. मला सगळ्यात आवडणारा आधी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये बोलतं, आणि अधूनमधून त्याच फ्रिक्वेन्सीवर चित्रंही पाठवतं. २५ किलोहर्ट्झचा जुना व्हीएचएफ संच आणि गच्चीवरची साधी ग्राउंड प्लेन एरियल, एवढ्यावर स्थानक डोक्यावरून जाताना आवाज स्वच्छ येतो. डॉप्लरने, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झभर सरकते, ती हा रुंद फिल्टर पोटात घेतो, काही फिरवावं लागत नाही. स्पीकरसमोर मोबाइल धरून चित्र उलगडणारं ॲप लावलं की शाळेतली पोरं अवाक होतात.

तुमच्यापैकी एखादा जीएम३३८ यूएचएफ निघाला तर त्याहून पुढे जाता येईल. एसओ-५० नावाचा २००२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह अजून एफएम रिपीटरसारखा वापरला जातो. वर पाठवायचं १४५.८५० वर ६७ हर्ट्झचा टोन लावून, ऐकायचं ४३६.७९५ च्या आसपास. आसपास म्हणण्याचं कारण डॉप्लर: यूएचएफवर तो दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकवतो. फिरवायचं बटण नसलेल्या संचात याची तोड अशी, की पाच चॅनेल ओळीने भरायचे. ४३६.८०५, ४३६.८००, ४३६.७९५, ४३६.७९०, ४३६.७८५. उपग्रह क्षितिजावर आला की पहिल्यावर असायचं, आवाज खरखरला की एक पायरी पुढे. हातमोजे घालूनही जमेल. व्हीएचएफ संचात दोन चॅनेल ठेवा, दोन्ही १४५.८५० वरच: एकावर ७४.४ हर्ट्झचा टोन, जो दोन सेकंद पाठवला की उपग्रहाचं दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यावर ६७ चा, बोलायला. एकच अडचण येते. १४५.८५० ची तिप्पट ४३७.५५० होते, म्हणजे तुमचाच संच तुमच्याच यूएचएफ कानाशेजारी तिसऱ्या हार्मोनिकवर किंचाळतो. पॉवर अगदी खालच्या पायरीवर आणा, दोन एरियल लांब ठेवा, जमलं तर मधे फिल्टर. ४५ वॅटने उपग्रहावर ओरडण्याची गरज मुळातच नाही.

दुसरा मोठा उपयोग डेटाचा. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, यूएसबी साउंड कार्ड, डायरवुल्फ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि मागे जीएम३००, एवढ्यात पॅकेटचं (हवेतून मजकूर पाठवायचं) किंवा एपीआरएसचं (ठिकाण आणि छोटे निरोप पाठवायचं) केंद्र उभं राहतं. जोडणी त्याच १६ पिनांतून. पिन २ वर आवाज आत, पिन ३ जमिनीला टेकवली की पाठवणं सुरू, पिन ७ जमीन, पिन ११ वर ऐकू आलेला आवाज बाहेर. पिन २ ला साधारण ८० मिलीव्होल्ट पुरतात, साउंड कार्ड त्याच्या कितीतरी पट देतं, म्हणून मध्ये दहा किलो आणि एक किलो ओहमची वाटणी करा. नाहीतर डेव्हिएशन फुटतं आणि पॅकेट कोणालाच वाचता येत नाही. पिन ११ चा आवाज कसा यावा हे आतला जेयू५५१ हा जंपर ठरवतो. १२०० बॉडला (बॉड म्हणजे डेटाचा वेग) कुठल्याही स्थितीत चालतं, ९६०० करायचं तर तो सपाट आवाजावर लावा आणि पाठवण्यासाठी पिन ५ वापरा. हे संच अखंड पाठवायला बनलेले नाहीत, थोडं बोल, जास्त ऐक असा त्यांचा हिशेब आहे. गच्चीवर चोवीस तास ठेवायचे तर पॉवर दहा-पंधरा वॅटवर आणून मागच्या पंखांवर छोटा पंखा लावा.

तिसरा उपयोग तुमच्या भागाला जवळचा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे वीज गेल्यावर मोबाइलची काय अवस्था झाली ते तुम्ही पाहिलं असेल. घरोघरी असलेल्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीवर असा संच ऐकत राहिला तर कागदावर दहा-बारा दिवस चालतो. पण यासाठी गावात दोन-तीन परवानाधारक आधीपासून हवेत. पाणी चढल्यावर परीक्षा देता येत नाही.

काय होणार नाही तेही सांगतो, कारण हे हमखास विचारतात. विमानांचं बोलणं ऐकू येणार नाही, ते एएम असतं. १३७ मेगाहर्ट्झवरची हवामान उपग्रहांची चित्रं नीट येणार नाहीत, त्यांना या फिल्टरपेक्षा रुंद कान लागतो, आणि ज्यांच्यासाठी लोक ही धडपड करायचे ते नोआचे जुने उपग्रह २०२५ मध्ये बंदही झाले.

एरियलबद्दल थोडं. कारखान्याची एरियल सोबत आली असेल तर ती त्यांच्या फ्रिक्वेन्सीला कापलेली आहे, १६० च्या घरातली असेल तर दांडी ४४-४५ सेंटीमीटर. १४५ ला साधारण ४९ लागते. म्हणजे ती अपुरी आहे, कापून जुळणार नाही, नवी दांडी घाला. जुन्या आरजी-५८ केबलीवर विश्वास ठेवू नका. नवी असतानाही १४५ वर पंधरा मीटरमध्ये निम्मी पॉवर खाते, आणि पावसाळे पाहिलेली तर विचारूच नका. जीएम३०० च्या मागचं सॉकेट मिनी-यूएचएफ आहे, नेहमीचा प्लग बसणार नाही. ॲडॉप्टर घ्या, घासून जबरदस्ती करू नका.

राहिला मळा. यूएचएफ संच ४४६ मेगाहर्ट्झवर लागतो आणि ४४६.० ते ४४६.२ हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे, हे जुळवून कोणीतरी तुम्हाला सल्ला देईलच. तो सल्ला चुकीचा. मोकळीक कमी पॉवरच्या, मान्यताप्राप्त छोट्या वॉकीटॉकीला आहे, २५ वॅटच्या गाडीवरच्या संचाला नाही. आणि ते मान्यताप्राप्त वॉकीटॉकी उसाच्या फडांतून सात किलोमीटर जाणार नाहीत, एक-दोन किलोमीटर गेले तरी खूप. तुम्हाला खरं तर मोटार चालू आहे का, लाइट आली का, एवढंच कळायचं असेल तर मोबाइल स्टार्टर पुरेसा आहे. मळ्यात रेंजच नसेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातली लोरा उपकरणं, म्हणजे कमी पॉवरवर लांब छोटे संदेश पाठवणारी, बघा. गच्ची ते विहिरीवरचा खांब अशी सरळ नजर मिळत असेल तर सात किलोमीटर लघुसंदेश जातात, बोलणं नाही. बोलणंच हवं आणि कामही मोठं असेल, तर डब्ल्यूपीसीकडून स्वतःची फ्रिक्वेन्सी मागायचा रस्ता आहे. एका मळ्यासाठी मी तो सुचवणार नाही.

तुम्ही परीक्षेला बसणार असाल तर आठांपैकी तीन जीएम३३८ आणि १३६ ते १६२ च्या जातीचे जे जीएम३०० निघतील ते ठेवा. १४६ ते १७४ चे एक-दोन डेटासाठी तपासून बघा. उरलेले तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या परवानाधारक हॅमला कागदपत्रांसह द्या. पॉवर मॉड्यूल, माइक आणि मागचे कनेक्टर आता सुटे मिळत नाहीत, त्यासाठी तो आनंदाने घेईल. पुढचं विचारताना आठही संचांच्या मागच्या लेबलांचे फोटो जोडा, म्हणजे कुठल्या संचाचं काय करायचं ते एकेक करून सांगता येईल.